न्यूयॉर्कची स्पेशलाइज्ड हायस्कुलं: गणित-विज्ञानाची ओढ असलेल्या मुलासाठी निवड कशी करावी? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मूल सातवीत गेलं की न्यूयॉर्कमधल्या मराठी घरांत एकच चर्चा सुरू होते: स्टाय (स्टायव्हेसंट), ब्राँक्स सायन्स की टेक (ब्रुकलिन टेक)? ही उत्तरं त्या घरांसाठी आहेत. परीक्षेचं स्वरूप आणि तारखा दरवर्षी थोड्याफार हलतात, त्यामुळे अर्ज भरण्याआधी शिक्षण विभागाची त्या वर्षाची पुस्तिका उघडून ताडून बघा.

या शाळा नेमक्या कोणत्या?

शहरात नऊ स्पेशलाइज्ड हायस्कुलं आहेत. लाग्वार्डिया ही कलाशाळा आहे आणि तिथे ऑडिशन द्यावी लागते. उरलेल्या आठ शाळांचा प्रवेश फक्त एसएचएसएटी या एका परीक्षेवर ठरतो. शाळेतले गुण, शिफारसपत्रं, मुलाखत, निबंध यांतलं काहीही बघत नाहीत. स्टायव्हेसंट, ब्राँक्स सायन्स आणि ब्रुकलिन टेक यांचा परीक्षेवरचा प्रवेश 1971 च्या राज्याच्या कायद्यानेच बांधलेला आहे. बाकीच्या पाच शाळा शहराने पुढे या यादीत घातल्या: सिटी कॉलेजच्या आवारातली गणित-विज्ञान-अभियांत्रिकीची शाळा, यॉर्क कॉलेजमधलं क्वीन्स सायन्स, लेहमन कॉलेजमधलं अमेरिकन स्टडीज, स्टेटन आयलंड टेक आणि ब्रुकलिन लॅटिन.

परीक्षेला दरवर्षी साधारण 25 ते 26 हजार मुलं बसतात आणि सुमारे 4,000 मुलांना जागा मिळते.

आठांपैकी दोन शाळा विज्ञानाच्या नाहीतच. अमेरिकन स्टडीजचा भर इतिहासावर आहे. ब्रुकलिन लॅटिनमध्ये लॅटिन सक्तीची आहे आणि अभ्यासक्रम आयबी या आंतरराष्ट्रीय मंडळाचा. शाळा दोन्ही चांगल्या. पण ज्याला रोबोट बनवायचे आहेत त्याने केवळ 'स्पेशलाइज्ड' या बिरुदासाठी त्या यादीत भरू नयेत.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलाला ही परीक्षा देता येईल का?

नाही. न्यूयॉर्क शहराच्या पाच बरोंपैकी (म्हणजे विभागांपैकी) एकात राहणाऱ्यांनाच देता येते. आई-वडिलांची नोकरी मॅनहॅटनमध्ये आहे, याचा उपयोग नाही. नातेवाइकांचा पत्ता लावण्याच्या फंदात पडू नका. पत्त्याचे पुरावे मागतात आणि प्रवेश रद्द होऊ शकतो.

जर्सीत कौंटीच्या स्वतंत्र शाळा आहेत आणि त्या कमी प्रतीच्या मुळीच नाहीत. मिडलसेक्स कौंटीत राहणाऱ्यांसाठी एडिसनमधली विज्ञान-गणित-अभियांत्रिकीची अकादमी आणि वुडब्रिजची आरोग्यविज्ञानाची अकादमी, बर्गन कौंटीसाठी हॅकेनसॅकमधली बर्गन कौंटी अकॅडेमीज, जर्सी सिटीत मॅकनेअर, हडसन कौंटीसाठी सिकॉकसचं हाय टेक. प्रत्येकीचा अर्ज वेगळा, मुदत वेगळी. शिवाय तिथे सहसा शाळेतले गुणही धरतात, म्हणजे सातवीत ढिलाई करून आठवीत परीक्षा मारून नेऊ, हा हिशेब तिथे चालत नाही.

भारतातून बदली होऊन आलो आहोत. व्हिसाची अडचण येईल का?

नाही. सरकारी शाळा व्हिसा किंवा नागरिकत्व विचारत नाहीत. घराचा पत्ता, जन्मतारीख आणि लसीकरणाची नोंद पुरते. अडचण येते ती इयत्तेवरून. न्यूयॉर्कमध्ये आठवीपर्यंतची इयत्ता जन्माच्या कॅलेंडर वर्षावर ठरते: ज्या वर्षात मूल 13 पूर्ण करतं, त्या वर्षीच्या सप्टेंबरात ते आठवीत. पुण्यात 'सातवी पास' होऊन आलेलं मूल इथे सातवीत बसेल की आठवीत, हे आधी तपासा. परीक्षेची मुख्य संधी आठवीत एकदाच असते.

अर्जाची मुदत उलटून गेल्यावर शहरात राहायला आलात तर फॅमिली वेलकम सेंटरमध्ये, म्हणजे शिक्षण विभागाच्या प्रवेश-मदत केंद्रात, लगेच जा. नव्याने आलेल्यांसाठी उन्हाळ्याच्या अखेरीस स्वतंत्र परीक्षा घेतात. हे कोणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

नववीतली मुलंही दहावीच्या प्रवेशासाठी परीक्षा देऊ शकतात, पण त्या जागा इतक्या थोड्या असतात की त्यांच्या भरवशावर काही आखू नये.

परीक्षेत काय असतं?

इंग्रजी आणि गणित हे दोन भाग, एकूण तीन तास. 2025 पर्यंतच्या स्वरूपात प्रत्येक भागात 57 प्रश्न होते. त्यांतले 47 मोजले जात आणि 10 पुढच्या वर्षांसाठी चाचणी म्हणून घातलेले असत. कोणते ते कळत नाही, म्हणून सगळेच गंभीरपणे सोडवायचे. दोन भागांत वेळ कसा वाटायचा ते मुलाच्या हातात. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. कॅल्क्युलेटर नाही. गणितात काही प्रश्नांना पर्याय नसतात, उत्तर स्वतः भरायचं.

2025 च्या शरदात ही परीक्षा कागदावरून संगणकावर आली. 2026 पासून ती अनुकूली करायचं ठरलं, म्हणजे मूल जशी उत्तरं देत जाईल तशी पुढच्या प्रश्नांची काठिण्यपातळी बदलायची. जुन्या छापील पुस्तकांतली गणितं सरावाला अजूनही चालतात, पण 'अवघड प्रश्न सोडून पुढे जा, शेवटी परत या' ही जुनी युक्ती आंधळेपणाने शिकवू नका. शिक्षण विभागाचा अधिकृत ऑनलाइन सराव करूनच वेळेचं गणित बसवा. पडद्यावर उतारा वाचून कच्चं काम कागदावर करण्याची सवय नसेल तर हुशार मुलंसुद्धा आकडे उतरवताना चुकतात.

भारतात शिकलेली मुलं गणितात पुढे असतात ना? मग काळजी कसली?

इंग्रजीची. मुंबई-पुण्याहून आलेली मुलं टक्केवारी, गुणोत्तर, बीजगणित बोटावर करतात आणि मग इंग्रजी भागात अडखळतात. तिथे दोन गोष्टी असतात. पहिली, वाक्यं आणि परिच्छेद सुधारणं: स्वल्पविराम कुठे, कोणतं वाक्य अनावश्यक, कोणता क्रम योग्य. दुसरी, उतारे, आणि त्यांत कवितासुद्धा येते. 'लेखकाने हा शब्द का वापरला' या प्रश्नात दोन पर्याय बरोबर वाटतात आणि त्यातला एकच उताऱ्याच्या पुराव्यावर टिकतो. हे दोन महिन्यांत घोकून येत नाही. सहावीपासून रोज अर्धा तास वर्तमानपत्रातला लेख, विज्ञानावरचा निबंध, एखादी जुनी कथा असं मिसळून वाचन हवं.

गणितातही एक खोच आहे. सूत्र माहीत असणं पुरत नाही, प्रश्न शब्दांत गुंडाळलेला असतो. 'किमान किती', 'जास्तीत जास्त किती', 'उरलेल्यांपैकी' हे शब्द निसटले की पद्धत बरोबर असूनही उत्तर चुकतं.

पसंतीक्रम कसा लावायचा? स्टाय पहिलं लिहिलं तर टेकची संधी जाते का?

जात नाही. सर्वात जास्त चुका आणि अफवा इथेच आहेत, म्हणून पद्धत नीट समजून घ्या.

सगळ्या मुलांना गुणांप्रमाणे एका रांगेत उभं केलं असं समजा. पहिल्या मुलाला त्याच्या यादीतली पहिली शाळा मिळते. मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. तुमच्या मुलाची पाळी येते तेव्हा त्याच्या पहिल्या पसंतीच्या शाळेत जागा शिल्लक असेल तर ती मिळते, नसेल तर दुसरी, नाहीतर तिसरी. तुम्ही टेकला कितवा क्रमांक दिला हे टेकला कळतही नाही. 'पहिल्या पसंतीच्या मुलांनाच घेतात' हे साफ खोटं आहे.

यातून दोन नियम निघतात. एक, यादी मनापासूनच्या आवडीच्या क्रमाने लिहा, 'काय लागेल' याचा अंदाज बांधून नव्हे. दोन, जिथे मुलाला खरोखर पाठवणार नाही ती शाळा लिहूच नका, कारण या आठांपैकी एकाच शाळेचा प्रस्ताव येतो. क्वीन्सच्या पूर्व टोकाला राहणाऱ्यांनी यॉर्क कॉलेजची शाळा मनात पहिली असताना 'मान' म्हणून ब्राँक्स सायन्स वर लिहिलं आणि गुण चांगले पडले, तर ब्राँक्स सायन्सच मिळेल आणि यॉर्कचा दरवाजा बंद होईल. मग मार्चमध्ये हळहळून काही होत नाही.

सर्वसाधारण हायस्कुलांची यादी ही वेगळी प्रक्रिया आहे. तिचा प्रस्ताव वेगळा असतो आणि दोन्ही हातात असताना निवड करता येते. म्हणून ती यादी 'भरायची म्हणून' भरू नका.

कटऑफ किती असते?

दोन्ही भागांचे मिळून जास्तीत जास्त 700 च्या आसपास गुण होतात. गेल्या काही वर्षांत स्टायव्हेसंटची रेषा साधारण 550 च्या पुढे राहिली आहे, ब्रुकलिन टेकची 500 च्या थोडी वर, ब्राँक्स सायन्स त्यांच्या मधे. सिटी कॉलेजची छोटी शाळा आणि स्टेटन आयलंड टेक कधी कधी ब्राँक्स सायन्सच्याही वर जातात.

ही रेषा कोणी आधी ठरवत नाही. शाळेत जागा किती आणि ती वर लिहिणारी मुलं किती, यावरून ती आपोआप पडते. टेकमध्ये जागा प्रचंड, म्हणून रेषा खाली. सिटी कॉलेजच्या शाळेत जागा थोड्या, म्हणून वर. कटऑफवरून शिकवण्याचा दर्जा ठरवणं म्हणजे हॉटेलबाहेरच्या रांगेवरून आमटीची चव सांगणं.

स्टायव्हेसंट, ब्राँक्स सायन्स आणि ब्रुकलिन टेक यांत प्रत्यक्ष फरक काय?

स्टायव्हेसंट 1904 ची. 1992 पासून मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, चेंबर्स स्ट्रीटच्या शेवटी हडसनकाठी दहा मजली इमारतीत भरते. सुमारे 3,300 मुलं. शुद्ध गणित आणि संगणकशास्त्र यांची ओढ असलेल्या मुलाला सोबत मिळेल तर इथे. कॅल्क्युलस संपवलेल्यांसाठी त्यापुढचेही वर्ग असतात आणि गणिताचा संघ हा वेळापत्रकातलाच वर्ग असतो. पोहता येणं ही पदवीची अट आहे. येत नसेल तर शाळेच्या तलावात शिकावं लागतं. तोटा तोच जो फायदा: आपल्या शाळेत सहजी पहिलं येणारं मूल इथे मधल्या फळीत जातं, आणि काही मुलांना त्याचा जबर धक्का बसतो. ज्याला गणित आवडतं ते सावरतं. ज्याला 'गणितात पहिला नंबर' आवडतो त्याला जास्त वेळ लागतो.

ब्राँक्स सायन्स 1938 ची, बेडफर्ड पार्क भागात, सुमारे 3,000 मुलं. नोबेल मिळालेले तिचे नऊ माजी विद्यार्थी आहेत, त्यांतले सात भौतिकशास्त्रातले. वाइनबर्ग आणि ग्लॅशो तर 1950 च्या एकाच तुकडीतले. (पालकसभांत हा आकडा फार ऐकू येतो. पण ती मुलं शाळेत होती त्याला सहा ते आठ दशकं झाली, त्यामुळे त्यावरून आजची शाळा निवडू नका.) आज तिची खरी ताकद म्हणजे अनेक वर्षं सलग चालणारा संशोधनाचा वर्ग आणि त्याच्याच जोडीने वादविवाद. प्रयोगशाळेत जीव रमणाऱ्या, जीवशास्त्र-रसायनशास्त्राकडे ओढ असलेल्या मुलासाठी ती स्टायच्या बरोबरीने, आमच्या मते काही बाबतींत सरस आहे. अडचण एकच, ती म्हणजे अंतर.

ब्रुकलिन टेक 1922 ची, फोर्ट ग्रीन पार्कसमोर, सुमारे 6,000 मुलं, म्हणजे आपल्याकडच्या मध्यम कॉलेजाएवढी. बाकीच्या दोघींपेक्षा तिची घडण वेगळी आहे. पहिली दोन वर्षं सगळ्यांना सारखा पाया, त्यात अभियांत्रिकी रेखाटन आणि वस्तू घडवण्याचा वर्ग. मग अकरावी-बारावीसाठी 'मेजर' निवडायचा: सॉफ्टवेअर, एरोस्पेस, स्थापत्य, यंत्रमानव-विद्युत, वास्तुकला, जैवविज्ञान, पर्यावरण, भौतिकशास्त्र, गणित, अगदी कायदा आणि वित्तसुद्धा. पालकांच्या नजरेतून सुटतं ते हे: मेजर पसंतीने मागायचा असला तरी मिळतो तो पहिल्या दोन वर्षांच्या गुणांवर. सॉफ्टवेअरला झुंबड असते. 'टेकमध्ये गेला म्हणजे कॉम्प्युटर मिळालाच' असं धरून नववीत सैल सोडलेल्या मुलाला भलत्याच विषयात दोन वर्षं काढावी लागतात.

थोडक्यात कल सांगायचा तर: गणित आणि प्रोग्रॅमिंग हाच श्वास असेल तर स्टाय, प्रयोग आणि संशोधन असेल तर ब्राँक्स सायन्स, वस्तू बनवायच्या असतील आणि अभियांत्रिकी नक्की असेल तर टेक. पण पुढचा प्रवासाचा प्रश्न वाचल्याशिवाय हा कल पक्का करू नका.

लहान शाळांचं काय? त्या 'दुय्यम' आहेत का?

नाहीत. क्वीन्स सायन्स आणि सिटी कॉलेजची शाळा यांत प्रत्येकी साधारण 500 मुलं. शिक्षक मुलाला नावाने ओळखतात, बुजरं मूल हरवत नाही, आणि कॉलेजच्या आवारात असल्यामुळे पुढच्या वर्षांत कॉलेजचे वर्ग घेण्याची सोय असते. उणीव ऐच्छिक विषयांत. मोठ्या शाळेत प्रगत विषयाला पंचवीस मुलं सहज जमतात, इथे एखाद्या वर्षी तो वर्ग भरतच नाही. क्लब आणि संघही कमी. दहावीतच कॅल्क्युलसला पोचणाऱ्या मुलाने 'अकरावी-बारावीत पुढे काय देणार?' हे आधी विचारून घ्यावं. उत्तर 'शेजारच्या कॉलेजात पाठवू' असं ठोस मिळालं तर ते मोठ्या शाळेपेक्षाही चांगलं.

स्टेटन आयलंड टेकमध्ये सुमारे 1,300 मुलं, शिस्त कडक, रोबोटिक्स भक्कम, आणि रशियन भाषा शिकवण्याची परंपरा. बेटावर राहणाऱ्यांसाठी हा उघड पर्याय. क्वीन्समधून तिथे रोज जाणं हा विचारच सोडा.

रोज किती प्रवास सहन होतो?

आमचं मत ठाम आहे: घराच्या दारापासून शाळेच्या दारापर्यंत 60 मिनिटांपर्यंत ठीक, 75 ला विचार करा, 90 ला शाळा कितीही नावाजलेली असो, बहुतेक मुलांसाठी नको. एका बाजूने 75 मिनिटं म्हणजे दिवसाचे अडीच तास. शाळेचे दिवस वर्षाला 180. म्हणजे 450 तास. ते झोपेतून जातात, नाहीतर क्लबमधून. पुष्कळ मुलं रोबोटिक्सचा संघ सोडतात तो आवड संपली म्हणून नव्हे, तर सात वाजता निघून साडेआठला घरी पोचणं झेपत नाही म्हणून.

नकाशातली वेळ खरी मानू नका. ऑक्टोबरात एका कामाच्या दिवशी मुलाला घेऊन सकाळी आठच्या हिशेबाने निघा आणि संध्याकाळी साडेपाचला तिथून परत या. दोन्ही वेळा मोजा. बेलरोज-फ्लोरल पार्ककडून हिलसाइड अव्हेन्यूची बस, मग 179 व्या स्ट्रीटवरून एफ गाडी, मग बदली. यात बस चुकली की पंधरा मिनिटं गेलीच. जमैका सेंटरहून ई गाडी थेट वर्ल्ड ट्रेड सेंटरला जाते, तिथून स्टाय चालत, म्हणून जमैकाच्या मुलांना स्टाय लांब असूनही सोपं पडतं. ब्राँक्स सायन्सला 4, बी आणि डी गाड्या. बी तिथपर्यंत फक्त गर्दीच्या वेळी जाते, हे उशिरा थांबणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. क्वीन्समधून तिथे खासगी बसही जातात, त्यांचं शुल्क पालक भरतात आणि संध्याकाळच्या क्लबनंतर ती बस मिळेलच असं नाही. टेकला मात्र चहूबाजूंनी सबवे आहे: डिकॅल्ब अव्हेन्यू, नेव्हिन्स स्ट्रीट, फुल्टन स्ट्रीट, लाफायेट अव्हेन्यू.

मुलांना शाळेकडून ओम्नी कार्ड मिळतं, दिवसाला चार फेऱ्या मोफत.

स्टायमधून आयव्ही लीग किंवा एमआयटी सोपं जातं ना?

तिथून पुष्कळ मुलं जातात हे खरं. शाळेमुळे जातात, हे सिद्ध करणं अवघड. 2014 मध्ये अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक या अर्थशास्त्रज्ञांनी बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या परीक्षा-शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कटऑफच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेल्या मुलांची तुलना केल्यावर, शाळेत जागा मिळाल्यामुळे पुढच्या परीक्षांतल्या कामगिरीत फारसा फरक पडलेला दिसला नाही. (यातले पराग पाठक हे 2003 साली शहराची सर्वसाधारण हायस्कूल-वाटपाची पद्धत आखणाऱ्यांपैकी एक.) हुशार मुलं आत गेली, हुशार मुलं बाहेर आली, असा त्याचा साधा अर्थ.

हा अभ्यास कटऑफच्या आसपासच्या मुलांविषयी आहे. गणितात पार पुढे गेलेल्या मुलाला चांगली सोबत आणि प्रगत वर्ग यांचा फायदा होतो, हे त्याने खोडून निघत नाही. पण एखाद्या मोठ्या विद्यापीठाने एकाच शाळेतून शंभर मुलं घ्यायची नाहीत असं ठरवलं, तर त्याच शाळेतल्या सातशे-आठशे मुलांशी तुलना होणार, हेही खरं. 'नंतरचं कॉलेज' या कारणासाठी दीड तासाचा प्रवास पत्करू नका.

रीजेनेरॉनसारख्या संशोधन स्पर्धांसाठी कोणती शाळा?

ही स्पर्धा 1942 मध्ये वेस्टिंगहाउसच्या नावाने सुरू झाली, मग इंटेलची, 2017 पासून रीजेनेरॉनची. दरवर्षी 300 स्कॉलर निवडतात, त्यांतून 40 अंतिम फेरीत जातात. प्रबंध बारावीच्या नोव्हेंबरात द्यायचा, म्हणजे काम अकरावीच्या उन्हाळ्यात व्हायला हवं, आणि मार्गदर्शक त्याआधी गाठायला हवा. म्हणूनच नववी-दहावीपासून चालणारा संशोधनाचा वर्ग महत्त्वाचा: तिथे शिक्षक मुलांना विद्यापीठातल्या प्रयोगशाळांना पत्र कसं लिहायचं, सुरक्षा-परवानगीचे अर्ज कधी भरायचे, हे शिकवतात. प्रयोग आधी आणि परवानगी नंतर, या एका चुकीमुळे चांगलं काम बाद होतं.

ब्राँक्स सायन्स आणि स्टाय इथे पुढे आहेत. पण ब्रुकलिनमधल्या मिडवुडसारखी सर्वसाधारण यादीतली शाळाही या स्पर्धेत वर्षानुवर्षं नाव राखून आहे.

मुलाला पुस्तकापेक्षा हाताने काम करायला आवडतं. त्याच्यासाठी?

टेक, आणि लाँग आयलंड सिटीतली एव्हिएशन हायस्कूल. दुसऱ्या शाळेकडे आपले लोक बघतच नाहीत. तिथे एसएचएसएटी लागत नाही. विमानाचा सांगाडा आणि इंजिन दुरुस्त करण्याच्या संघीय परवान्याचं शिक्षण शाळेतच मिळतं, आणि काही मुलं परवाने पूर्ण करायला पाचवं वर्षही घेतात. एरोस्पेस इंजिनिअर व्हायचं असलेल्या मुलाने अठराव्या वर्षी खरं इंजिन उघडलेलं असणं ही मोठी गोष्ट आहे.

'फर्स्ट' या रोबोटिक्स स्पर्धेत स्टायचा 694, ब्राँक्स सायन्सचा 1155, टेकचा 334 आणि स्टेटन आयलंड टेकचा 375 क्रमांकाचा संघ आहे. हंगाम जानेवारीत सुरू होतो आणि ते आठवडे संध्याकाळी उशिरापर्यंत थांबावं लागतं.

शाळा बघायला गेल्यावर काय विचारावं?

सभागृहातलं भाषण ऐकून घ्या, पण माहिती मिळते ती गॅलरीत उभ्या असलेल्या अकरावीच्या मुलांकडून. त्यांना विचारा:

- काल किती वाजता झोपलास? (उत्तरापेक्षा आधीचं हसू बघा.)
- एपी (म्हणजे कॉलेजच्या पातळीचा) विषय हवा असेल तर आधीच्या विषयात किती गुण लागतात? मागितलेला विषय नाकारला गेला का?
- संगणकाचा दुसरा-तिसरा वर्ग सगळ्यांना मिळतो की यादी लागते?
- समुपदेशक वर्षातून किती वेळा भेटतात?
- एखाद्या विषयात मागे पडलात तर मदत कुठे मिळते, आणि ती घेणं लाजिरवाणं मानतात का?

शिक्षकांना एकच विचारा: गणिताची प्लेसमेंट कशी ठरते? आठवीत बीजगणित पूर्ण केलेलं मूल नववीत भूमितीला जातं की पुन्हा बीजगणितात बसतं, यावर पुढची चार वर्षं ठरतात.

कोचिंग लावावं का? कधीपासून?

सातवीच्या उन्हाळ्यापासून नियमित सराव पुरेसा असतो. चौथीपासून शनिवार-रविवार क्लास हा बहुतेकदा पालकांच्या धास्तीचा खर्च असतो. विभागाची मोफत पुस्तिका आणि त्यातल्या सराव परीक्षा आधी संपवा. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: येत नव्हतं, वाचलं नाही, आकडेमोड, वेळ. तीन परीक्षांनंतर त्या वहीत दिसेल की क्लासची गरज आहे की फक्त सावकाश वाचण्याची. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी शहराचा 'ड्रीम' नावाचा मोफत वर्ग आहे.

क्लासच्या नादात सातवीचे शाळेतले गुण घसरू देऊ नका. टाउनसेंड हॅरिससारख्या निवडक शाळा तेच गुण बघतात. एसएचएसएटी एका दिवसाची आहे आणि त्या दिवशी ताप येऊ शकतो.

नंबर नाही लागला तर?

बार्ड अर्ली कॉलेजकडे बघा: चार वर्षांत हायस्कूलसोबत दोन वर्षांची कॉलेज पदवी, फुकट. मॅनहॅटन हंटर सायन्स, मिडवुड, टाउनसेंड हॅरिस, क्वीन्समधल्या फ्रान्सिस लुइस आणि कार्डोझो या मोठ्या शाळांतले विज्ञानाचे विशेष कार्यक्रम, हे सगळे सर्वसाधारण यादीतले आहेत. अनेक शाळांत कॉलेज नाऊ या योजनेतून सिटी युनिव्हर्सिटीचे वर्ग मोफत घेता येतात. कमी उत्पन्न आणि कटऑफपेक्षा किंचित कमी गुण असतील तर डिस्कव्हरी या उन्हाळी कार्यक्रमाचं पत्र येऊ शकतं. आलं तर ते जाहिरात समजून टाकून देऊ नका.

(हंटर कॉलेज हायस्कूल हे वेगळं प्रकरण. तिथला प्रवेश सातवीत होतो, परीक्षा सहावीत. आठवीत आठवण झाली तर उशीर झालेला असतो.)

मार्चमध्ये दोन प्रस्ताव हातात आले. ठरवायचं कसं?

उत्तर द्यायची मुदत काही आठवड्यांचीच असते. त्या काळात प्रवेश मिळालेल्यांसाठीच्या दिवशी दोन्ही शाळांत जा, मुलाला तिथल्या मुलांत सोडा आणि आपण बाजूला राहा. मग मुलाला वेगवेगळ्या दिवशी दोनदा विचारा. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं आणि प्रवास साठ मिनिटांच्या आत असेल, तर ते मान्य करा, मग काकांना फोनवर दुसरं नाव सांगायला कितीही आवडलं असतं तरी. ठरल्यावर प्लेसमेंट परीक्षांच्या तारखा लगेच वहीत लिहा. जूनमध्ये भारताची तिकिटं काढून ठेवलेली असतात आणि नेमकी गणिताची प्लेसमेंट त्यात बुडते.